‘उपद्रवी’ ठरलेले दुकान : फिश अँड चिप्सचा इतिहास

१/ उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या गिरणगावातले फिश अँड चिप्सचे दुकान. काउंटरमागे उकळती चरबी, पिठात बुडवून तळलेला कॉड किंवा हॅडॉक, वर मीठ आणि व्हिनेगर. आज जे ब्रिटनचे राष्ट्रीय खाद्य मानले जाते, त्याचा धंदा १९४० पर्यंत कायद्याच्या दृष्टीने ‘उपद्रवी’ होता. हाडे उकळणाऱ्यांच्या आणि चरबी वितळवणाऱ्यांच्या पंक्तीतला!

२/ (चिप्स म्हणजे पुडीतले वेफर्स नव्हेत, बोटाएवढे जाड, तळलेले बटाट्याचे तुकडे.)

बटाटा दक्षिण अमेरिकेचा. मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंची. शब्बाथला चूल पेटवणे निषिद्ध, म्हणून शुक्रवारी तळलेला मासा शनिवारी थंडच खाल्ला जाई. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये (१८३७-३९) तळलेल्या माशांच्या वखारीचा उल्लेख आहे, चिप्स मात्र तिथे नाहीत.

३/ दोन्ही एका पुडक्यात प्रथम कोणी बांधले? लंडनकर १८६० च्या सुमारास जोसेफ मालिन या ज्यू विक्रेत्याचे नाव घेतात. लँकेशायरवाले मॉस्लीच्या बाजारात १८६३ मध्ये लाकडी टपरी चालवणाऱ्या जॉन लीसचे. वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे सुचण्याइतकी ही कल्पना सोपी आहे.

४/ १८६३ हे साल मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. अमेरिकेतील यादवीमुळे तिथला कापूस अडला होता. मुंबईत कापसाच्या तेजीने पैशाचा पूर आला होता, तर लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगार उपाशी होते.

५/ पुढे वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी, बर्फ आणि रेल्वे यांमुळे ग्रिम्सबी व हलचा मासा स्वस्तात आतल्या शहरांत पोचू लागला. १९१० पर्यंत सुमारे २५,००० दुकाने झाली. पुष्कळशी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, नवरा-बायको मिळून चालवलेली.

६/ सुखवस्तू टीकाकारांना हे खुपले. कामगारांच्या बायका आळशी झाल्या, पैसा उधळतात, मुलांची पोटे बिघडवतात, असा त्यांचा सूर. दहा तास मागावर उभी राहिलेली बाई घरी येऊन कोळसा पेटवून स्वयंपाक केव्हा करणार, हा हिशेब त्यात नव्हता. वास मात्र खरा होता. हलकी चरबी आणि धूर शेजाऱ्यांना नकोसा करी. ‘उपद्रवी’ हा शिक्का निव्वळ तुच्छतेतून आलेला नव्हता.

७/ दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, चहा, मांस सारे रेशनवर गेले. मासा मात्र अखेरपर्यंत रेशनमुक्त राहिला आणि युद्ध संपेपर्यंत बटाटाही. अर्थात मासेमारी बोटी नौदलाने सुरुंग काढायला नेल्या होत्या, त्यामुळे मासा दुर्मीळ आणि महाग. आज दुकानात माल आला आहे, अशी कुणकुण लागली की कढई तापायच्या आत दारासमोर रांग लागे.