घरगुती विद्युत सुरक्षा (मुंबई उपनगर)

घरगुती विद्युत सुरक्षा म्हणजे घरातील विजेची उपकरणे व वायरिंग यांपासून विजेचा धक्का बसू नये आणि आग लागू नये यासाठी योजावयाचे उपाय होत. मुंबईच्या उपनगरांत जुन्या चाळी, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती व नवे मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. दमट हवा, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि जुन्या वायरिंगवर वाढत गेलेला उपकरणांचा भार यांमुळे येथे हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

== वीजपुरवठा ==
मुंबई शहर भागाला बेस्ट उपक्रम वीज पुरवतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इत्यादी उपनगरांतील पुरवठ्यासाठी १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय (बीएसईएस) ही कंपनी स्थापन झाली. पुढे तो व्यवसाय रिलायन्सकडे व २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेला. मुलुंड व भांडुप परिसरात महावितरणचा पुरवठा आहे. उपनगरांतील अनेक ग्राहक टाटा पॉवरचेही आहेत. घरगुती एकफेज पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ इतका असतो. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची असते. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते.

== धक्क्याचे स्वरूप ==
धक्क्याची तीव्रता शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह झिणझिण्यांच्या रूपाने जाणवतो. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह काही काळ वाहिल्यास श्वसन व हृदयक्रिया धोक्यात येते. त्वचा ओली असताना शरीराचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. न्हाणीघर व स्वयंपाकघराचा ओटा येथे धोका अधिक असतो तो यामुळेच.

== आगीची कारणे ==
तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर १,००० वॅटची इस्त्री आणि १,५०० वॅटची विजेची किटली एकाच वेळी लावल्यास सुमारे ११ अँपिअर प्रवाह वाहतो. त्या परिपथाचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो पडत नाही. बोर्ड मात्र तापत राहतो. ढिला प्लग, सैल स्क्रू आणि उंदरांनी कुरतडलेली वायर हीदेखील आगीची नेहमीची कारणे आहेत.

== संरक्षक साधने ==
* '''एमसीबी''' – अतिभार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पुरवठा तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून अधिक क्षमतेचा बसवणे घातक असते, कारण त्यामुळे वायरचे संरक्षण नाहीसे होते.
* '''आरसीसीबी''' – फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडताच पुरवठा तोडतो. माणसांच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. एमसीबी हे काम करू शकत नाही. धक्क्यात वाहणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. ज्या घरांत केवळ एमसीबी आहेत तेथे ही उणीव राहते. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.
* '''अर्थिंग''' – उपकरणाच्या धातूच्या आवरणात उतरलेली वीज जमिनीकडे नेते. तीन पिनांपैकी लांब व जाड पिन अर्थिंगची असते. ती प्रथम जोडली जाते व शेवटी सुटते. ती पिन तोडल्यास किंवा दोन पिनांचा जोड वापरल्यास हे संरक्षण संपते.

== वापरातील दक्षता ==
# गीझर, वातानुकूलन यंत्र व मायक्रोवेव्ह ही उपकरणे १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवर लावावीत. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नयेत.
# दूरचित्रवाणी संच किंवा मायक्रोवेव्ह घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.
# मोबाइल उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये.
# विजेरी स्कूटरची बॅटरी झोपण्याच्या खोलीत अथवा दाराच्या वाटेत चार्ज करू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईलगतच्या वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या अशा बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.
# गणेशोत्सव व दिवाळीतील रोषणाईच्या माळा आयएसआय चिन्हाच्या असाव्यात. त्या पडदे व थर्माकोलपासून दूर ठेवाव्यात.
# वायरिंगचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

== पावसाळ्यातील धोका ==
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील अनेक भाग पाण्याखाली गेले. जुन्या इमारतींचे मीटर बहुधा तळमजल्यावर जिन्याखाली असतात. अशा ठिकाणी पाणी चढू लागताच, आपण कोरड्या जागी उभे असल्यास, मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून त्याला स्पर्श करू नये. भिजलेले उपकरण तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज सुरू करू नये.

== अपघात घडल्यास ==
धक्का बसलेल्या व्यक्तीला स्पर्श करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने तिला वायरीपासून दूर सारावे. श्वास चालू नसल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजेमुळे लागलेल्या आगीवर पाणी टाकू नये. पुरवठा तोडून कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. अग्निशमन दलासाठी १०१, सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ व महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षासाठी १९१६ हे क्रमांक आहेत.