साथीदारांची नावे : एका ध्वनिमुद्रिकेचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापाशी मी याच शाळेत इतिहास शिकलो. एखाद्या जुन्या सनदेची नक्कल ते आमच्या हाती देत आणि म्हणत, ''कागदावर कोणाचे नाव आहे ते कोणीही वाचील. कोणाचे असायला हवे होते आणि नाही, ते तुम्ही शोधा.'' पुढे मी स्वतः चौतीस वर्षे इतिहास शिकवला, पण याहून उपयोगी सूत्र मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

आज मी कित्तूरवर किंवा शहापूरच्या जुन्या पेठेवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्तही आहे. परंतु वसतिगृहात असताना एका सोबत्याच्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेले एक अमेरिकन गीत अनेक वर्षे माझ्या मागे लागले आहे. त्याची हकिकत समजून घेता घेता मला गुरुजींचे सूत्र पुन्हा पुन्हा आठवले. म्हणून आजचा कागद म्हणजे एक तबकडी आहे. गीताचे नाव 'द साउंड ऑफ सायलेन्स' आणि गीतकार पॉल सायमन.

सायमनचा जन्म १९४१ चा. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढला. शाळासोबती आर्ट गारफंकल याच्याबरोबर 'टॉम अँड जेरी' या टोपणनावाने त्याने १९५७ मध्येच एक तबकडी काढली होती आणि ती थोडीफार चाललीही होती. पुढे दोघे लोकगीतांकडे वळले. त्या काळी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील लहान लहान कॉफीगृहांत एक गिटार आणि एक आवाज एवढ्या भांडवलावर तरुण मंडळी गात असत. हे गीत रचण्याच्या दिवसांत घरच्या न्हाणीघरात दिवे मालवून, नळ सोडून गिटार घेऊन बसण्याची आपली सवय सायमनने पुढे सांगितली आहे. फरश्यांच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्याला आवडे. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने दोघांना करारबद्ध केले आणि मार्च १९६४ मध्ये हे गीत मुद्रित झाले. दोन आवाज आणि साधी तंतुवाद्ये एवढाच तो थाट होता. ढोल-ताशासारखे ठेका धरणारे काहीच नव्हते. ऑक्टोबर १९६४ मध्ये 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.' या दीर्घ तबकडीत ते आले आणि तबकडी सपशेल पडली. जोडी मोडल्यासारखीच झाली. गारफंकल कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासाकडे परतला. (त्या विद्यापीठाचा आणि कंपनीचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही, हे विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवतो.) सायमन इंग्लंडला गेला आणि तेथील लोकगीत-क्लबांतून फिरून गाऊ लागला. १९६५ मध्ये लंडनला त्याने एकट्याने, केवळ गिटारवर, हेच गीत पुन्हा मुद्रित केले. गीतकाराच्या मनातले गीत ऐकायचे असेल तर बहुधा तेच ऐकावे.

इकडे अमेरिकेत, बॉस्टनच्या एका रेडिओ केंद्रावरील रात्रीच्या कार्यक्रमातून ती पडलेली तबकडी वाजू लागली होती आणि विद्यार्थी ती पुन्हा पुन्हा मागत होते. ही वार्ता कंपनीतील तिच्या निर्मात्याच्या कानी गेली. त्याचे नाव टॉम विल्सन.

येथे मला थोडे थांबलेच पाहिजे. हा माणूस कोण, हे ते गीत ऐकणाऱ्या शंभरांतील पाचांनाही सांगता येणार नाही. विल्सन हा टेक्सासमधील वेको गावचा कृष्णवर्णीय मुलगा, जन्म १९३१ चा. १९५४ मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर झाला आणि लगेच १९५५ मध्ये त्याने ट्रान्झिशन नावाची आपली छोटी कंपनी काढली. सन रा आणि सेसिल टेलर यांसारख्या, त्या वेळी फारशा कोणी न विचारलेल्या जाझ कलावंतांच्या तबकड्या त्याने काढल्या. लोकगीतांची त्याला मुळात फारशी ओढ नव्हती. तरीही कोलंबियात आल्यावर १९६३ पासून बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रणांची जबाबदारी त्याच्याकडे आली. अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदाचे कायदे अजून जिवंत होते, त्या वर्षांत एका मोठ्या कंपनीच्या काचेमागे बसून गोऱ्या गायकांना 'पुन्हा एकदा घ्या' असे सांगणारा कृष्णवर्णीय निर्माता ही किती दुर्मीळ गोष्ट होती, याची कल्पना करावी.

डिसेंबर १९६४ मध्ये विल्सनने एक प्रयोग करून पाहिला होता. डिलनने पूर्वी एकट्याने गायिलेल्या जुन्या मुद्रणावर त्याने विजेच्या वाद्यांची साथ चढवून पाहिली. ते प्रसिद्ध झाले नाही. पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६५ मध्ये, डिलन खुद्द वाद्यमेळ घेऊन मुद्रणालयात उतरला आणि 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' ही अर्धी विजेची, अर्धी साधी तबकडी तयार झाली. त्याच महिन्यात लॉस एंजलिसला 'द बर्ड्स' या संचाने डिलनचेच एक गीत बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर मुद्रित केले आणि जूनमध्ये ते देशात पहिल्या क्रमांकावर गेले. 'फोक-रॉक' हा शब्द त्याच उन्हाळ्यात व्यापारी नियतकालिकांत रुळला. जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनची इलेक्ट्रिक गिटार ऐकून श्रोत्यांनी आरडाओरडा केला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. तो ओरडा विजेच्या वाद्यांविरुद्ध होता, खराब ध्वनियोजनेविरुद्ध होता की कार्यक्रम फार लवकर संपला म्हणून होता, यावर तेथे हजर असलेल्यांचेच एकमत नाही. मला त्या गाजलेल्या संध्याकाळीपेक्षा एका बंद खोलीत, श्रोत्यांवाचून घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

डिलनचे 'लाइक अ रोलिंग स्टोन' १५ आणि १६ जून १९६५ ला मुद्रित झाले. त्याचाही निर्माता विल्सनच. त्या मुद्रणातील गिटारवादक अल गॉर्गोनी आणि ड्रमवादक बॉबी ग्रेग यांना हाताशी धरून, आणखी वादक जमवून, त्याच उन्हाळ्यात त्याने सायमन-गारफंकल यांच्या वर्षभरापूर्वीच्या ध्वनिफितीवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. अडचण अशी होती की मूळ गायन ठेक्याला बांधलेले नव्हते. दोन मित्र एकमेकांच्या श्वासावर गात होते, कुठे किंचित पुढे, कुठे किंचित मागे. ज्यांनी कीर्तनात तबल्याची साथ केली आहे, त्यांना हा प्रसंग निराळा सांगायला नको. पण कीर्तनकार निदान समोर उभा असतो, मान हलवतो, डोळ्यांनी खुणावतो. येथे गायक ध्वनिफितीत कोंडलेले आणि वादक त्यांच्या मागे धावणारे. ध्वनियंत्रज्ञ रॉय हॅली याने त्या मिश्रणावर भरपूर प्रतिध्वनी सोडला. न्हाणीघरातला तो घुमारा अशा रीतीने, बोलावल्यावाचून, गीतात परत आला.

दोघा गायकांना यातले काहीही कळवलेले नव्हते.

सप्टेंबर १९६५ मध्ये तबकडी निघाली. सायमन युरोपातच होता. गीत विक्रीच्या यादीत चढत असल्याचे त्याला डेन्मार्कमध्ये गात असताना समजले. प्रत्यक्ष तबकडी ऐकल्यावर तो हादरला, असे त्या वेळच्या त्याच्या एका गायक-मित्राने सांगितले आहे. विशेषतः एका ठिकाणी ड्रम आणि बास जरा थबकतात, आवाज गाठेपर्यंत वाट पाहतात, ते त्याला सहन होईना. आपण लक्षपूर्वक ऐकाल तर आपल्यालाही ते जाणवेल. मला मात्र ती जागा त्या तबकडीतील सर्वांत खरी जागा वाटते. ऐतिहासिक कागदावर जसा एखादा खाडाखोडीचा डाग असतो आणि त्यावरूनच दोन हस्ताक्षरे निराळी आहेत हे कळते, तसा तो डाग आहे.

१ जानेवारी १९६६ च्या यादीत गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. सायमन घाईने मायदेशी परतला, मोडलेली जोडी पुन्हा जुळली आणि नव्या दीर्घ तबकडीसाठी लंडनमधील एकट्याची गीतेच बरीचशी पुन्हा, वाद्यमेळासह, मुद्रित करावी लागली. त्या तबकडीचा निर्माता होता बॉब जॉन्स्टन. डिलनचे कामही तोवर जॉन्स्टनकडेच गेले होते. विल्सन कोलंबिया सोडून दुसऱ्या कंपनीत गेला, तेथे त्याने फ्रँक झापा यांच्या संचाची पहिली तबकडी केली, आणि १९७८ मध्ये वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

मग विल्सनने केले ते योग्य की अयोग्य? माझे मत स्पष्ट आहे. संगीत म्हणून त्याचा कान अचूक होता. १९६४ ची प्रत सुंदर असली तरी हातातून निसटते, १९६५ ची धरून ठेवते. पण न विचारता केले हे वाईटच केले, आणि यशाने ते धुऊन निघत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पचवावे लागते.

सायमनच्या बाबतीतही ते पचवावे लागते. लंडनच्या मुक्कामात त्याने मार्टिन कार्थी या इंग्लिश लोकगायकाकडून 'स्कार्बरो फेअर' हे जुने लोकगीत आणि त्याची गिटारवरची मांडणी उचलली. गीत परंपरेचे खरे, पण ती बोटांची मांडणी कार्थीची. १९६६ मध्ये सायमन-गारफंकल यांच्या तबकडीवर ते आले तेव्हा कार्थीचे नाव त्यावर नव्हते, आणि कार्थीच्या मनात तो सल अनेक वर्षे राहिला. ज्याचे गीत न विचारता बदलले गेले, त्यानेच दुसऱ्याचे नाव न सांगता पुढे नेले. काळ जेमतेम वर्षभराचा.

आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांची नाटके ज्यांनी जुन्या छापील प्रतीत वाचली असतील, त्यांना आठवेल की पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एक ओळ असते. हे पद अमक्या जुन्या पदाच्या, लावणीच्या किंवा कानडी गीताच्या चालीवर आहे, असे ती सांगते. लहानपणी मी ती ओळ नटांसाठीची सूचना समजून ओलांडून जात असे. गुरुजींनी एकदा 'सौभद्रा'ची प्रत उघडून त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, ''हे ऋणपत्र आहे.''

ऑक्टोबर २००० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ येथील आपल्या कार्यक्रमात सायमनने कार्थीला रंगमंचावर बोलावले आणि दोघांनी 'स्कार्बरो फेअर' एकत्र गायिले. कार्थी तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. विल्सनला जाऊन बावीस वर्षे झाली होती.