ओला, सुका आणि शिंपल्यांचा

नारळाची करवंटी ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? हा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत निघाला की बाकीचे सगळे विषय पुढच्या महिन्यावर जातात. ओली म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की ती झाडाची आहे, आज ना उद्या कुजणारच. सुकी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की कुजेल, पण त्यासाठी नातवंडांच्या लग्नापर्यंत थांबावं लागेल.

लिफ्टमधे याबद्दल एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. टी-बॅग ओल्यात, पण तिची पिन आणि दोऱ्याला लोंबणारं लेबल सुक्यात. पिझ्झ्याचं खोकं सुक्यात, पण त्याचा तेलकट भाग फाडून ओल्यात. दुधाची पिशवी धुवून. ट्यूबलाइट वेगळी, पेन्सिल सेल वेगळे, मुदत संपलेली औषधं वेगळी. थर्माकोलपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "एवढं तर आम्ही सोवळं-ओवळंही पाळलं नाही गं." जर्मनीतल्या मावसबहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती नुसती हसली. तिच्याकडे रिकाम्या बाटल्यासुद्धा रंग बघून टाकायच्या असतात. पांढऱ्या वेगळ्या, तपकिरी वेगळ्या, हिरव्या वेगळ्या, आणि निळी बाटली असेल तर ती हिरव्यांत!

वैताग येतो हे खरंच. पण खरा संताप नियम किचकट आहेत म्हणून येत नाही. सकाळी उठून हे सगळं निगुतीने वेगळं करावं, आणि खाली गाडीत ते सगळं एकत्र ओतलं जाताना गॅलरीतून दिसावं, तेव्हा येतो. "मग आम्ही कशाला करायचं?" हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला गेला असणार. मला वाटायचं हा आपल्याकडचाच, अलीकडचा प्रश्न आहे. वाचायला बसल्यावर लक्षात आलं की त्याला एकशेचाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात पॅरिसमधे होते.

१८८३ साली युजीन पुबेल नावाचे गृहस्थ सेन विभागाचे प्रिफेक्ट झाले. पॅरिसला तेव्हा महापौर नव्हता, त्यामुळे ही खुर्ची म्हणजे आपल्याकडचे कलेक्टर आणि महापालिका आयुक्त एकत्र केल्यासारखी. पुबेल मूळचे कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी २४ नोव्हेंबर १८८३ ला फर्मान काढलं की यापुढे रस्त्यावर कचरा टाकायचा नाही. प्रत्येक इमारतीच्या मालकाने झाकणाचे डबे ठेवायचे, ४० ते १२० लिटरचे, आणि सकाळी गाडी यायच्या थोडं आधी ते बाहेर काढायचे. डबे किती? तीन. एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, दुसरा कागद आणि चिंध्यांचा, तिसरा काच, फुटकी कपबशी आणि कालवांच्या शिंपल्यांचा! जानेवारी १८८४ पासून अंमल सुरू झाला.

आपण ओला-सुका म्हणून कुरकुरतो, तिथे लोकांना रात्री जेवण झाल्यावर शिंपले वेगळे काढायला सांगितलं होतं. :) घरमालक खर्चावरून चिडले, वर्तमानपत्रांनी पुबेलसाहेबांची यथेच्छ टर उडवली. साहेबांचा हेतू मात्र वाईट नव्हता. कॉलऱ्याची धास्ती सगळ्या युरोपला होती. त्याच हिवाळ्यात रॉबर्ट कॉख आपल्या कोलकात्यात बसून कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेत होता. अशा काळात रस्त्यावरचे ढीग उचलले जायला हवे होते, यात वाद नाही.

पण सगळ्यात मोठा आरडाओरडा केला तो घरमालकांनी नव्हे. तो केला शिफोनिए लोकांनी, म्हणजे पॅरिसच्या चिंध्या वेचणाऱ्यांनी. पाठीवर वेताची टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात आकडी, असे हे हजारो लोक रात्रभर रस्त्यावरचे ढीग उपसत. चिंध्या कागदाच्या कारखान्यात जात. हाडांपासून बटणं आणि सरस व्हायचा, शिवाय हाडांचा कोळसा साखर स्वच्छ करायला लागायचा. काच पुन्हा भट्टीत. म्हणजे पुबेलसाहेबांनी लोकांना जे करायला सांगितलं, ते या शहरात रोज रात्री होतच होतं. आता ढीगच राहिला नाही आणि डबा बाहेर येणार पहाटे, गाडीच्या तोंडावर. मग वेचायचं कधी?

शेवटी मार्च १८८४ मधे तडजोड झाली. गाडी येण्याआधी डबा कापडावर ओतून त्यातलं हवं ते निवडायची परवानगी वेचणाऱ्यांना मिळाली. यथावकाश तीन डब्यांचा नियम लोकांनी गुंडाळून ठेवला आणि एकच डबा उरला. फ्रेंचमधे कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. म्हणजे साहेबांचं नाव टिकलं, वर्गीकरण गेलं. माणूस कशासाठी आठवला जाईल ते खरंच आपल्या हातात नसतं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. १८९५ साली कर्नल जॉर्ज वॉरिंग तिथल्या रस्ते-सफाई खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी झाडूवाल्यांना पांढरेशुभ्र गणवेश दिले, त्यांची मिरवणूक काढली, आणि १८९६ पासून घरोघरी तीन वाटे करायला लावले. खरकटं, राख आणि बाकीचा कोरडा कचरा. हे बऱ्यापैकी चाललंही, कारण प्रत्येक वाट्याला जायला जागा होती. खरकटं बॅरन आयलंडवरच्या कारखान्यात जायचं आणि त्यातून चरबी व खत निघायचं. राख भरावाला. कोरड्यातलं निवडून विकलं जायचं. वॉरिंग १८९८ मधे पदावरून गेले आणि त्याच वर्षी क्यूबाहून आल्यावर पीतज्वराने वारले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो कारखाना बंद पडला, आणि शहराचा कचरा पुन्हा समुद्रात ओतला जाऊ लागला, तो थेट १९३४ पर्यंत. वाट्यांना जायला जागा उरली नाही म्हटल्यावर वाटे कोण करत बसणार?

या दोन गोष्टी वाचल्यावर मला एकदम आजीचं घर आठवलं. तिथे कचऱ्याचा एकही नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वाटे मात्र आमच्या लिफ्टमधल्या कागदापेक्षा जास्त होते. भाजीची देठं गाईला. करवंट्या आणि सोडणं बंबात (आमच्या सभेला हे कळवायला हवं). बंबातली राख भांड्यांना. जुने कपडे बोहारणीला, आणि मग पातेल्याच्या आकारावरून अर्धा तास घासाघीस. डालड्याच्या डब्यात तुळस. रद्दी महिन्याच्या रद्दीवाल्याला, त्यातही इंग्रजी पेपर वेगळे बांधायचे, कारण त्यांचा भाव जास्त. पत्रा, पितळ, बाटल्या भंगारवाल्याला. हे कुणाला शिकवावं लागलं नाही, कारण प्रत्येक वाट्यापुढे एक ओळखीचा माणूस उभा होता. त्याला काय चालतं आणि काय नाही, ते तो तोंडावर सांगायचा. ओली रद्दी दिली तर तराजू खाली ठेवायचा.

आता हे सगळं फार गोड वाटतं, पण ते अर्धंच चित्र आहे. त्याच काळात घाण उपसायचं काम कुणी करायचं हे जातीने ठरलेलं होतं, आणि त्या माणसाला तोंडावर काही सांगायची मुभा नव्हती. रद्दीवाला दारात बसून चहा प्यायचा. कचराकुंडीत हात घालणारी बाई मात्र कुणाच्याच ओळखीची नव्हती.

त्या बाईची गोष्ट पुण्यात घडली, आणि या सगळ्या इतिहासातली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं पुण्याला आली. त्यांतल्या बऱ्याच बायका, बहुतेक दलित समाजातल्या, पाठीवर पोतं घेऊन कुंड्यांतून कागद-काच-पत्रा वेचू लागल्या. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यांच्यापर्यंत पोचल्या. तिथून जो विचार पुढे आला तो अगदी साधा होता. लोकांनी सुका कचरा घरातच वेगळा करून यांच्या हातात दिला, तर यांना कुंडीत हात घालावा लागणार नाही. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. १९९५-९६ मधे पुणे महापालिकेने या वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. जी बाई पोलिसाला बघून पोतं लपवायची, तिच्या गळ्यात फोटो असलेलं कार्ड आलं.

नियम आले ते यानंतर. १९९६ साली बंगळूरच्या अलमित्रा पटेल शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून पुढे घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम झाले, २००० साली. २००८ मधे पुण्यात वेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. २०१६ च्या नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन वाटे सांगितले आणि कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असंही लिहिलं. २०२६ च्या नियमांनी वाटे चार केले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. थोडक्यात, लिफ्टमधला कागद लांबतच जाणार आहे.

या चढत्या यादीत मला एक छोटीशी गोष्ट फार बोलकी वाटते. २०१७ च्या सुमारास 'स्वच्छ'च्या बायकांनी लोकांना सांगितलं की वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा. ऐकायला हा सगळ्यात किचकट नियम. कचऱ्यावर नक्षी काय काढायची! पण ठिपका कशासाठी? तर निवडणाऱ्या बाईला पुडी उघडून बघावी लागू नये म्हणून. फुटकी काच कागदात गुंडाळून वर 'काच' असं लिहा, हाही तसलाच नियम. तो कुठल्या खात्याने बसून बनवलेला नाही, कापलेल्या बोटांनी बनवलाय.

म्हणून "मग आम्ही कशाला करायचं?" या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर असं आहे. हा प्रश्न आळसातून येतो असं मला वाटत नाही. डबा दाराबाहेर ठेवल्यावर पुढे कोण, हे दिसेनासं झालं की तो येतो. पुबेलसाहेबांच्या तीन डब्यांमागे माणसं होती, पण साहेबांनी त्यांना विचारलं नाही. वॉरिंगच्या वाट्यांना जागा होती तोवर वाटे टिकले. गाडीत सगळं एकत्र ओतलं जातं तेव्हा ते हवेत विरत नाही. पुण्याचा असा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला, तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, पण त्या उकिरड्यात खत होणारं शेण असायचं, पॉलिथिनमधे बांधलेलं खरकटं नाही.

तेव्हा सोसायटीला माझी एक सूचना आहे, आणि ती मी लेखी देणार आहे. कागदावर आणखी ओळी वाढवण्याआधी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना पुढच्या सभेला बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या, आणि काय वेगळं हवं, काय नाही, ते त्यांनाच विचारा. गाडीत सगळं एकत्र का होतं, हेही त्यांना माहीत असणार. ओला-सुका यावर त्यांच्याइतका अधिकार आमच्यापैकी कुणाचाच नाही, आणि आजवरच्या एकाही सभेत त्यांना कुणी काही विचारलेलं नाही.

तुमच्याकडे कसं करतात, नक्की लिहा. आणि मावशी, तू वाचत असशील तर डालड्याच्या डब्यातली ती तुळस अजून आहे का, तेही कळव.