रहस्यकथा : रचना व घटक

रहस्यकथा हा गुन्हा किंवा गूढ घटना, तिचा तपास आणि अखेरचा उलगडा यांवर उभा असलेला कथाप्रकार आहे. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ या कथेपासून त्याचा आरंभ मानतात.

रहस्यकथेत दोन कथा असतात. गुन्ह्याची कथा बहुधा आधीच घडून गेलेली असते. वाचक वाचतो ती तपासाची, आणि तिच्यातून पहिली हळूहळू उभी राहते. बळी, संशयित, गुन्हेगार ही पात्रे इतर कादंबऱ्यांतही भेटतात. लेखकाचा खरा कस लागतो तो धागेदोरे पेरताना. धागा वाचकाच्या डोळ्यांसमोर हवा, तरी त्याचे मोल त्याला वेळेआधी कळता कामा नये.

आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) हा याचा उत्तम नमुना. शर्यतीच्या तोंडावर डार्टमूरच्या तबेल्यातून नामांकित घोडा नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक स्ट्रेकर माळावर मरून पडलेला सापडतो. संशय येतो सिम्प्सन या परक्या माणसावर. तबेल्यात राखणीला बसलेल्या पोऱ्याच्या जेवणात कोणीतरी अफू कालवलेली असते. जेवण होते मसालेदार मटणाचे. वाचक हा तपशील सहज ओलांडून जातो. शेरलॉक होम्स तिथेच थबकतो. अफूची चव झाकायला मसाला हवा, आणि त्या रात्री घरात काय शिजावे हे परका माणूस ठरवू शकत नाही. दुसरा धागा न घडलेल्या गोष्टीचा आहे : घोडा बाहेर काढला तरी कुत्रा भुंकला नाही, कारण आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. पैशांसाठी घोड्याला लंगडा करायला निघालेला स्ट्रेकर त्याच घोड्याच्या लाथेने मेलेला असतो.

चकवा हाही असाच महत्त्वाचा घटक. मृताच्या मुठीत सिम्प्सनचा गळपट्टा सापडतो आणि तो खरोखर त्याचाच असतो. चुकतो तो लावलेला अर्थ. वस्तुस्थिती खरी ठेवून दिशाभूल करणारा चकवाच कसदार म्हणावा. निवेदक वॉटसनची योजनाही यासाठीच आहे : होम्सला दिसते ते तो वाचकाला दाखवतो, पण होम्सच्या मनातले त्याला ठाऊक नसते.

वाचकापासून धागा दडवू नये, हा दंडक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली मांडलेल्या दहा नियमांत आहे. अपराधी कथेत लवकर दिसायला हवा, असेही ते बजावतात.

मराठीत होम्सच्या कथा भालबा केळकरांनी आणल्या. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी मात्र कोडे सोडवण्यापेक्षा धाडस आणि वेगावर वाचकांच्या पिढ्या जिंकल्या.