जात्यावरची वेळ

मूर्तिजापुरात घर सांभाळून प्रबंध लिहिताना ‘वेळच मिळत नाही’ हे माझं रोजचं रडगाणं. अशा वेळी बहिणाबाई चौधरी आठवतात. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं. गाण्यांसाठी त्यांनी वेगळी वेळ काढलीच नाही. जात्यावर, शेतात, हात कामात असतानाच ओळी जुळत गेल्या. पण कागदावर त्या उतरवल्या मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने. जे टिपलं गेलं नाही, ते १९५१ मध्ये बहिणाबाईंबरोबरच गेलं. टिपलेल्याचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. म्हणजे सुचणं कामातही होतं. लिहून ठेवायला मात्र घरातल्या कुणाचा तरी हात लागतोच.