जप्ती आणि कैफियत

‘जप्त’ म्हटले की वस्तू गेलीच, असे आपण धरून चालतो. पण मूळ अरबी ‘जब्त’ म्हणजे घट्ट धरणे, ताब्यात ठेवणे. धरलेले सोडताही येते. कायमचे घेण्याला आपल्याकडे निराळा शब्द आहे: सरकारजमा. या दोन शब्दांमधल्या अंतरात किती न्याय-अन्याय मावतो, ते अमेरिकेतल्या रोकडजप्तीच्या खटल्यांत दिसते.

तिथे सरकार दिवाणी दावा लावते तो माणसावर नव्हे, पैशावर. १९९७ साली अपिलात निकाली निघालेल्या एका खटल्याचे नावच ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ५,०६,२३१ डॉलर’ असे आहे. नोटाच प्रतिवादी! ही रक्कम शिकागोतल्या एका पिझ्झाच्या दुकानात सापडली होती. इतकी रोकड कोणी जवळ ठेवत नाही, एवढ्या समजुतीवर ती घेता येणार नाही, अमली पदार्थांशी तिचा संबंध दाखवा, असे न्यायालयाने सरकारला सुनावले.

अशा कारवाईला इंग्रजीत ‘फॉर्फिचर’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ खुद्द गुन्हा असा होता. त्याआधी लॅटिनमध्ये ‘मर्यादेबाहेर केलेले’. पुढे तोच शब्द दंडाला लागला. दिवाणी जप्तीत तर मालक दोषी ठरावाच लागत नाही.

म्हणून मला ‘कैफियत’ मोलाची वाटते. अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’. आपल्या कोर्टात दावा वादीचा, कैफियत प्रतिवादीची. अमेरिकेत मात्र २००० सालच्या कायद्याने सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला आणि २००६च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या ‘नियम जी’ने दाव्याच्या पहिल्याच कागदात ‘कसे’ मागितले. सरकार हा भार पेलू शकेल असा वाजवी विश्वास बसण्याइतका तपशील त्यात हवा. सगळा पुरावा त्या दिवशी हाती नसला तरी चालतो; नुसता संशय चालत नाही.

नोटा रबरबँडने बांधलेल्या होत्या, कुत्र्याने वास ओळखला, अशी वाक्ये या दाव्यांत नेहमी येतात. नोटा कशा सापडल्या, हे त्यांतून कळते. त्या गुन्ह्यातून कशा आल्या, हे कळत नाही.

समोर मालक उभा असतो. त्याला शपथेवर हक्क सांगायचा असतो, आणि खटला दिवाणी म्हणून सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही. उत्तर नेमके कशाला द्यायचे, एवढे तरी त्याला त्या कागदावरून कळलेच पाहिजे. पैसा ज्याने धरून ठेवला आहे, कैफियत आधी त्याने द्यावी.