दहाचा ठोका आणि हिरवी खिडकी

गोल्डन वीक असो की ओबोन, जपानमधल्या आपल्या मराठी घरांत एक काम महिनाभर आधीच ठरलेलं असतं: शिंकान्सेनची तिकिटं. आज ती मोबाइलवर मिळतात. पण त्या मोबाइलमागची यंत्रणा साठ वर्षांहून जुन्या घराण्यातली आहे. ती वेबवर कशी आली, आणि आल्यावर काम खरंच झटपट झालं का, ते आज ऐकूया.

१९५० च्या दशकात जपानी राष्ट्रीय रेल्वेचं आरक्षण वह्यांवर चालायचं. आरक्षण केंद्रात एक गोल फिरतं टेबल आणि त्यावर गाडीप्रमाणे, तारखेप्रमाणे लावलेल्या वह्या. स्टेशनवरून फोन आला की केंद्रातला कारकून फिरत्या टेबलावरची नेमकी वही ओढायचा, सीट लिहायचा आणि वही परत ठेवायचा. गाड्या वाढल्या, तसे हात कमी पडू लागले.

१९६० मध्ये ‘मार्स-१’ सुरू झालं. रेल्वेच्या संशोधन संस्थेतले मामोरू होसाका आणि हिताची कंपनी यांचं हे काम. सुरुवातीला त्यात फक्त चार गाड्या होत्या. १९६४ मध्ये पुढची आवृत्ती आली आणि १९६५ पासून स्टेशनांवर ‘मिदोरी नो मादोगुची’, म्हणजे ‘हिरव्या खिडक्या’, दिसू लागल्या. स्टेशनांची नावं कांजीत, आणि त्या काळी कांजी टाइप करणं सोपं नव्हतं. म्हणून पुढे टर्मिनलवर उलटायची पानं आली. पान उलटायचं, हव्या त्या नावापाशी भोकात पिन खोचायची, कळ दाबायची. दिसायला ओबडधोबड, पण सरावलेल्या हाताला भराभर चालणारं.

याच खिडकीवर एक प्रथा रुजली. सीटांची विक्री प्रवासाच्या एक महिना आधी, सकाळी बरोबर दहाला सुरू होते. कारकून सगळं आधी भरून ठेवतो आणि दहाच्या ठोक्याला कळ दाबतो. जपानीत याला ‘जूजी-उची’ म्हणतात. एक प्रश्न, एक उत्तर.

मग इंटरनेट आलं. २००० मध्ये जेआर ईस्टचं ‘एकीनेट’ आणि २००१ मध्ये जेआर तोकाईची ‘एक्सप्रेस योयाकू’ सेवा सुरू झाली. आता खिडकी घरात आली, पण माणसाची वागणूक बदलली. आपण आधी सकाळची गाडी बघतो, मग दुपारची, मग चौघांना शेजारी जागा आहे का ते बघतो, आणि शेवटी “घरी विचारून सांगतो” म्हणून पान बंद करतो. एका तिकिटामागे अनेक प्रश्न, आणि यातले बरेचसे मागच्या जुन्या यंत्रणेपर्यंत जातात.

खरी अडचण इथेच आहे. वेळापत्रक आणि भाडं मधला संगणक सांगू शकतो. पण शेवटची सीट कोणाला द्यायची हे एकाच ठिकाणी ठरावं लागतं, नाहीतर एकाच सीटवर दोघे येऊन बसतील. पान कितीही देखणं केलं, तरी तो दरवाजा एकच राहतो. म्हणून एकीनेटने एक उपाय ठेवला: विक्रीच्या आठवडाभर आधीपासून मागणी नोंदवायची, आणि दहा वाजता यंत्रणा ती स्वतः पुढे पाठवते. सीटची हमी नसते, पण दहाच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम दार ठोठावणं कमी होतं.

आपल्या भारतातही तोच दहाचा ठोका आहे. दिल्लीत १९८५-८६ मध्ये संगणकी आरक्षण आलं, १९९९ मध्ये पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली आणि २००२ मध्ये आयआरसीटीसीची वेबसाइट सुरू झाली. तेव्हा तिकीट घरी कुरियरने यायचं. ई-तिकीट आलं २००५ मध्ये. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, आणि त्या वेळी फिरत राहणारं ते चक्र आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. २०१४ च्या नव्या यंत्रणेने मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटं काढण्याची सोय केली. तरीही गाडीतल्या सीटा तेवढ्याच राहिल्या.

आता जपानमधला अलीकडचा धडा. वेबवर सगळं होतंय, मग खिडक्या कशाला, असा विचार करून जेआर ईस्टने २०२१ मध्ये जाहीर केलं की सुमारे ४४० स्टेशनांवरच्या हिरव्या खिडक्या १४० पर्यंत आणायच्या. खिडक्या बंद होत गेल्या आणि उरलेल्यांपुढे रांगा लांबल्या. परदेशी प्रवासी वाढले होते, वसंत ऋतूत पासांची गर्दी होती, आणि गुंतागुंतीचं तिकीट वेबवर सगळ्यांना जमत नव्हतं. अखेर मे २०२४ मध्ये कंपनीने ही कपात थांबवली.

वेग मोजताना आपण पान किती सेकंदांत उघडलं ते बघतो. पण तिकीट हातात यायला किती वेळ लागला, आणि ज्याला वेब जमत नाही त्याला किती वेळ उभं राहावं लागलं, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. गावाहून आलेल्या आजी-आजोबांचं तिकीट काढताना जपानी येणाऱ्या नातवाला सोबत घ्या, आणि जवळची कुठली हिरवी खिडकी उघडी आहे ते आधी बघून ठेवा.